लाकडी फर्निचर स्वस्तात रंगवायचंय? मग रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

टेबलाला, कपाटाला घरच्या घरी रंग दिला आणि महिन्याभरात नख लागलं तरी पापुद्रा निघायला लागला, तर दोष बहुतेक वेळा डब्यातल्या रंगाचा नसतो. खालचा पृष्ठभाग ओशट राहिलेला असतो, नाहीतर तुळतुळीत. किंवा पहिला हात वाळायच्या आत दुसरा चढलेला असतो. मग सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे खर्च दुप्पट. पैसे मोजकेच असले की लोक कात्री लावतात ती पॉलिश पेपरवर आणि प्रायमरवर, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पायाच्या थरावर, आणि वाचलेल्या पैशांत रंगाचा महागडा डबा घेऊन येतात. करायचं ते नेमकं उलटं. रंग मध्यम दर्जाचा चालून जातो, खालची तयारी मध्यम दर्जाची चालत नाही.

## १. वस्तू नीट तपासा, मगच ठरवा

आधी ते खरंच लाकूड आहे का ते पाहा. कड निरखा. वर पातळ चकचकीत पत्र्यासारखा थर आणि लाकडाच्या रेषांची तीच ती नक्षी थोड्या थोड्या अंतराने पुन्हा दिसत असेल, तर तो सनमायका आहे. त्यावर साधा प्रायमर धरत नाही, गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा खास प्रायमर लागतो. हात आखडता घेऊन काम करायचं असेल तर सनमायकाच्या नादी न लागलेलंच बरं.

मग वस्तू हलवून बघा. सांधे डुगडुगतात का? बारीक भोकं आणि त्याखाली ताजं पीठ पडलेलं दिसतं का? पीठ पडत असेल तर भुंगा अजून आत आहे. आधी कीडनाशकाचा उपचार, नंतर रंग. वरून रंग दिला म्हणून किडा मरत नाही.

आता जुनं फिनिश, म्हणजे वरचा जुना थर, कुठला ते ओळखायचं. कापसाच्या बोळ्यावर थोडं मिथिलेटेड स्पिरिट घ्या आणि आतल्या, सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात अर्धा मिनिट घासा.

- पृष्ठभाग चिकट होऊन बोळा तपकिरी झाला: लाखेचं स्पिरिट पॉलिश आहे.
- रंग मऊ पडून बोळ्याला लागला: बहुधा पाण्यात मिसळायचा अ‍ॅक्रेलिक रंग आहे.
- काहीच झालं नाही: तेलाचा रंग किंवा पक्कं व्हार्निश आहे.

हे कळणं महत्त्वाचं, कारण तेलाच्या जुन्या चकचकीत रंगावर पाण्याचा रंग थेट दिला की तो हमखास सोलून निघतो.

तपासा: जुना रंग ठेवायचा की काढायचा? ब्लेडने रंगावर फुलीसारखे दोन छेद द्या, वर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे तुकडे आले तर त्या भागातला रंग लाकडापर्यंत खरवडावा लागेल. काही आलं नाही तर जुना रंगच तुमच्या नव्या रंगाचा पाया आहे. तो पूर्ण काढत बसणं म्हणजे फुकटची मेहनत.

## २. हिशेब आणि सामान

इनॅमल रंग गुळगुळीत पृष्ठभागावर एका हाताला लिटरमागे साधारण १० ते १२ चौरस मीटर पुरतो. हिशेबाला १० धरा. समजा कपाट १५० सेंमी उंच, ९० सेंमी रुंद आणि ४५ सेंमी खोल आहे. दोन्ही कडेच्या बाजू मिळून १.३५ चौरस मीटर, पुढची बाजू १.३५, वरची फळी ०.४. एकूण ३.१ चौरस मीटर. दोन हातांना ६२० मिली. म्हणजे एक अर्ध्या लिटरचा आणि एक २०० मिलीचा डबा पुरतो. भिंतीकडची बाजू आणि कपाटाचा आतला भाग यात धरलेला नाही, आणि बहुतेक वेळा धरायची गरजही नसते. लहान डबे लिटरच्या हिशेबाने महाग पडतात हे खरं, पण उरलेला रंग पुढे वापरणार आहात का ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

एकाच शेडचे दोन डबे घेतलेत तर काम सुरू करण्याआधी एकत्र मिसळून घ्या. वेगवेगळ्या बॅचच्या छटेत किंचित फरक पडतो आणि तो नेमका दारावर दिसतो.

तेलाचा की पाण्याचा? तेलाचं इनॅमल सहसा स्वस्त मिळतं, कडक होतं, ब्रशच्या रेषा बऱ्यापैकी जिरवतं. पण वास तीव्र, वाळायला वेळ, आणि पांढरा असेल तर कमी उजेडात हळूहळू पिवळट पडतो. पाण्याचा रंग लवकर वाळतो, वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने हलकी चमक असलेला, म्हणजे सॅटिन रंग घ्यावा असं माझं मत. पूर्ण ग्लॉसमध्ये प्रत्येक खड्डा आणि ओरखडा दिसतो.

घ्यायचंच असं सामान:

- पॉलिश पेपर ८०, १२०, २२० आणि ३२० नंबरचे. नंबर जितका लहान तितका पेपर खरबरीत.
- रंगाच्याच जातीचा (तेलाचा किंवा पाण्याचा) लाकडासाठीचा प्रायमर.
- दोन इंची एक चांगला ब्रश, एक इंची एक.
- तेलाचा रंग असेल तर मिनरल टर्पेंटाइन.
- लाकडासाठीची लांबी (खड्डे भरायचा लगदा), पांढरा गोंद, मास्किंग टेप, नाकातोंडाला मास्क.

बाकीचं घरातून निघतं. पेपर गुंडाळायला लाकडाचा सपाट ठोकळा, खाचांसाठी जुना टूथब्रश, रंग ओतून घ्यायला कापलेली प्लास्टिकची बाटली, गाळायला जुन्या पातळ सुती कापडाचा तुकडा. सपाट फळ्या जास्त असतील तर चार इंची स्पंजचा रोलर मात्र घ्या, वेळ निम्मा होतो.

पैसे कुठे वाचवू नका: ब्रशवर. फार स्वस्त ब्रशचे केस शेवटपर्यंत गळत राहतात आणि वाळलेल्या रंगातून एकेक केस उपटताना पडलेले खड्डे बुजत नाहीत.

कुठे वाचवता येतात: घरात एकाच जातीच्या तेलाच्या रंगांचे अर्धेमुर्धे डबे असतील तर ते एकत्र करून नवी छटा बनवता येते. फक्त पुरेल एवढी एकदम बनवा. संपली की तीच छटा पुन्हा जमत नाही.

## ३. सुटं करा आणि धुवा

मुठी, कड्या, बिजागऱ्या, कुलपं काढून ठेवा. बिजागरीभोवती ब्रश फिरवून निभावून नेऊ असं वाटतं, पण तिथेच रंग साचतो आणि दार उघडझाप करताना तिथूनच पहिला टवका उडतो. प्रत्येक दाराच्या आणि खणाच्या मागे पेन्सिलीने नंबर टाका. त्या त्या ठिकाणचे स्क्रू पाकिटात घालून पाकिटावर तोच नंबर लिहा. जुन्या फर्निचरमध्ये दोन दारं दिसायला सारखी असली तरी अदलाबदल केली की बसत नाहीत.

आता कोमट पाण्यात डिटर्जंट घालून ओल्या, नीट पिळलेल्या फडक्याने सगळं पुसा. हात लागणाऱ्या जागा, म्हणजे मुठींच्या आजूबाजूला, खुर्चीच्या पाठीचा वरचा भाग, टेबलाच्या कडा, दोनदा पुसा. त्यानंतर साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढा आणि वस्तू सावलीत पूर्ण वाळू द्या.

हे घासण्याआधी करायचं असतं. न धुता पेपर मारला तर तोच ओशटपणा पेपरने केलेल्या बारीक ओरखड्यांत दाबला जातो आणि मग तो निघत नाही.

तपासा: पृष्ठभागावर पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब मोत्यासारखे गोल राहिले तर अजून मेण किंवा तेलकटपणा आहे. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसा, फडक्याची बाजू सारखी बदलत राहा, पुन्हा थेंब टाकून बघा.

## ४. आधी दुरुस्ती

सांधा हलतोय तोवर त्यावरचा कोणताही रंग तडकणारच. सांधा जमेल तेवढा उघडा, जुना वाळलेला गोंद खरवडून काढा, नवा पांढरा गोंद भरा आणि रात्रभर आवळून ठेवा. शिकंजा नसला तर खुर्चीच्या पायांभोवती दोरीचे दोन वेढे घाला, वेढ्यांत काठी अडकवून पीळ द्या आणि काठी आडव्या दांड्याला अडकवा. दोरीखाली कापडाची घडी ठेवा, नाहीतर कडेला वळ पडतो. बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पुसा.

खोल भोकं लाकडाचा बारीक भुसा आणि पांढरा गोंद कालवून भरा. थोडं वर उचललेलं राहू द्या, वाळताना ते आत बसतं. उथळ खड्डे आणि खिळ्यांच्या खुणा आत्ता सोडा, त्यांची लांबी प्रायमरनंतर.

सावध: भिंतीची पुट्टी लाकडावर लावू नका. घरात ती उरलेली असते, म्हणून हमखास वापरली जाते. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे लाकूड फुगतं आणि आकसतं. सिमेंटची पुट्टी हलत नाही. काही महिन्यांत तिची खपली भेगेसकट सुटते, वरचा रंग घेऊन.

## ५. घासणं

हा कंटाळवाणा भाग आहे आणि सगळा टिकाऊपणा याच्यावर आहे. घासण्याचा हेतू दोन प्रकारचा असतो. रंग सुटत असेल तिथे तो काढायचा. रंग घट्ट असेल तिथे फक्त चमक मारायची, म्हणजे नव्या थराला धरायला जागा मिळते. दुसऱ्या कामाला ८० नंबरचा पेपर वापरला तर खोल चरे पडतात आणि ते दोन हातांनंतरही दिसतात.

क्रम असा ठेवा. सुटे पोपडे पत्र्याच्या पट्टीने खरवडा. तिथे ८० नंबर, मग १२०. नंतर पूर्ण वस्तूवर १२०, शेवटी २२०. नंबर एकदम ओलांडू नका. ८० चे चरे २२० ने जात नाहीत, फक्त वेळ जातो. हात नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आडवा किंवा गोल नाही. सपाट भागावर पेपर ठोकळ्याला गुंडाळून धरा, कारण बोटांचा दाब सारखा पडत नाही आणि पृष्ठभाग लाटालाटांचा होतो. कडांवर हात हलका, तिथे रंग लवकर उडतो. पेपर भरला की ठोकळा जमिनीवर आपटा, भुकटी झडते आणि तोच पेपर बराच वेळ चालतो.

जुना रंग आणि उघडं लाकूड जिथे भेटतात ती पायरी बोटाने जाणवता कामा नये. डोळे मिटून बोट फिरवा. जाणवली तर रंगाची कड बाहेरच्या बाजूने तिरपी घासत न्या. ही पायरी तशीच ठेवली तर शेवटच्या हातानंतर ती नकाशासारखी उठून दिसते.

सावध: फार जुन्या रंगात शिसं असू शकतं. वस्तू जुनी आहे आणि रंग केव्हाचा ते माहीत नाही, तर कोरडं घासू नका. वॉटर पेपर ओला करून घासा, मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या जागेपासून लांब ठेवा. भुकटी झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि फडकं टाकून द्या.

तपासा: खोलीतला दिवा बंद करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. चमकणारे ठिपके दिसले तर तिथे पेपर लागलेलाच नाही. सगळीकडे सारखी मंद, दुधट छटा दिसली की पुढे जा. शिशाची शंका नसेल तर भुकटी आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग किंचित ओलसर फडक्याने पुसा. खाचांमधली टूथब्रशने काढा.

## ६. प्रायमर, लांबी, पुन्हा प्रायमर

लांबी आधी आणि प्रायमर नंतर, ही नेहमीची उलटापालट. कोऱ्या लाकडावर तेलाची लांबी भरली की लाकूड तिच्यातलं तेल शोषून घेतं. लांबी ठिसूळ होते आणि सुटते. आधी प्रायमरचा एक पातळ हात, मग लांबी.

त्याआधी एक बारीक काम. लाकडात गाठी असतील, किंवा गडद लाकडावर फिकट रंग द्यायचा असेल, तर गाठींवर, आणि गडद लाकूड असेल तर सगळ्या उघड्या लाकडावर, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन पातळ हात द्या. हे न केल्यास गाठीतला चीक आणि लाकडाचा रंग पांढऱ्या थरातून पिवळे-तपकिरी डाग होऊन वर येतात, आणि मग कितीही हात द्या, ते येतच राहतात.

प्रायमरसाठी नवा ब्रश वापरा. सुटे केस इथेच गळून जातात, रंगापर्यंत ब्रश स्वच्छ होतो. प्लायवुडच्या कापलेल्या कडा आणि फळ्यांची टोकं रंग पितात, तिथे प्रायमरचा एक जादा हात लागतो. प्रायमर रात्रभर वाळू द्या. मग खड्ड्यांत लांबी भरा, वाळल्यावर २२० ने घासा, आणि घासून उघडी पडलेली जागा व लांबीचे ठिपके यांवर पुन्हा प्रायमर फिरवा. हे ठिपके तसेच राहिले तर रंगात चमक नसलेले डाग दिसतात.

तपासा: प्रायमर वाळला का? कोपऱ्यात पेपर फिरवा. पांढरी कोरडी भुकटी पडली तर वाळला. पेपरवर चिकट गोळे आले तर थांबा.

## ७. रंगाचे हात

डबा हलवू नका, बुडबुडे होतात. सपाट पट्टीने तळापासून ढवळा. रंगाचा घट्ट भाग तळाशी बसलेला असतो आणि न ढवळता वरचाच रंग वापरला तर तो झाकत नाही. वर साय आली असेल तर ती ढवळून आत घालू नका. कडेने कापून उचला आणि रंग गाळून घ्या. लागेल तेवढाच वेगळ्या भांड्यात ओता. डब्यातच ब्रश बुडवत राहिलं की भुकटी आणि केस आत जातात.

रंग घट्ट वाटला तर ५ ते १० टक्के टर्पेंटाइन. पाण्याच्या रंगात पाणी, डब्यावर लिहिलंय तितकंच. स्वस्त पडतं म्हणून रॉकेल घालतात. त्याने रंग दिवसेंदिवस चिकचिकीत राहतो. आणि थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण, म्हटलं की सगळे सारखे नसतात. लॅकरचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर इनॅमलमध्ये घातला तर खालचा जुना थर सुरकुततो.

ब्रश एक तृतीयांशच बुडवा आणि भांड्याच्या आतल्या बाजूवर दोन्हीकडून टेकवून जादा रंग काढा. रंग टेकवा, पसरवा, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशच्या टोकाने, अगदी हलक्या हाताने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने एकदा ओढून सोडून द्या. त्यानंतर त्या जागेला हात लावायचा नाही. अर्ध्या वाळलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवायचा मोह सगळ्यांना होतो, आणि ब्रशचे खोल चरे तिथेच उमटतात.

कशानंतर काय:

1. टेबल-खुर्ची उलटी करून आधी पाय आणि खालची बाजू, मग सरळ करून वरचं.
2. कोपरे आणि खाचा एक इंची ब्रशने, लगेच त्याला लागून सपाट भाग.
3. चौकटीच्या दारात आधी मधलं पॅनल आणि त्याची किनार, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या.
4. टेबलाची वरची फळी सगळ्यात शेवटी, एका दमात. अर्ध्यावर चहाला उठलात तर जोड दिसतोच.

खणांची फक्त पुढची बाजू रंगवा. बाजू आणि ज्यावर खण सरकतो त्या पट्ट्या रंगवल्या की खण अडकतो. तिथे मेणबत्ती घासली की पुरे.

काम संपल्यावर पाच-दहा मिनिटांनी वस्तूभोवती एक फेरी मारा. ओघळ सुरू होतात ते खालच्या कडेला आणि खाचेच्या कोपऱ्यात. ओले असताना ब्रशच्या टोकाने उचलता येतात.

सावध: उन्हात रंगवू नका, वरची साय लगेच वाळते आणि आतला रंग ओला राहतो. हवा फार दमट असेल तर काम पुढे ढकला. उभ्या बाजूवर एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्या. रंग तेवढाच लागतो आणि ओघळत नाही.

पहिला हात वाळला की ३२० ने अगदी हलका पेपर मारा, भुकटी पुसा, मग दुसरा. तेलाच्या रंगात दोन हातांमध्ये साधारण १६ ते २४ तास, पाण्याच्या रंगात साधारण ४ तास. डब्यावरचा आकडा वेगळा असेल तर तो खरा. दोन हातांच्या मधे ब्रश धुवायची गरज नाही. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट गुंडाळून ठेवा, टर्पेंटाइन वाचतं.

## ८. वापरायची घाई नको

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. तेलाचा रंग असो की पाण्याचा, पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिले काही दिवस दारं किंचित उघडी ठेवा, नाहीतर चौकटीला चिकटतात. पुस्तकं आणि जड वस्तू आठवडाभर तरी ठेवू नका. ओलं फडकं आणि साबण महिन्यानंतर.

## ९. ब्रश, फडकी आणि उरलेला रंग

टर्पेंटाइन फेकू नका. ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन काचेच्या बाटलीत झाकून ठेवा. काही दिवसांत रंग तळाला बसतो, वरचं नितळ पुन्हा ब्रश धुवायला चालतं. तळाचा गाळ मोरीत ओतायचा नाही.

तेलाच्या रंगाने, आणि विशेषतः जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ढिगात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि ठिणगी नसतानाही पेट घेऊ शकतात. एकेक पसरून बाहेर वाळवा, मगच टाका.

उरलेला रंग लहान बाटलीत तोंडापर्यंत भरा. आत हवा कमी राहिली की साय कमी धरते. बाटलीवर शेड, तारीख आणि कोणत्या वस्तूला लावला ते लिहा. टवका उडाला की लागतो.

## बिघडलंच तर

ओघळ वाळून गेला: तो आतून कडक होईपर्यंत आठवडाभर थांबा, मग ब्लेडने अलगद कापून २२० ने घासा. आधी हात लावला तर आतला ओला रंग बाहेर येतो.

सुरकुत्या पडल्या: हात जाड होता किंवा खालचा थर ओला होता. पूर्ण वाळू द्या, सपाट होईपर्यंत घासा, पातळ हात द्या.

रंग जागोजागी मागे सरून गोल खड्डे पडले: खाली मेण किंवा सिलिकॉनचं फर्निचर पॉलिश आहे. ओला असतानाच टर्पेंटाइनने सगळा पुसून काढा आणि पायरी ३ पासून सुरुवात करा.

आठवडा झाला तरी चिकट लागतोय: मोकळ्या हवेच्या जागी हलवा आणि आणखी आठवडाभर बघा. वर आणखी एक हात देऊन चिकटपणा झाकू नका. खालचा थर मग वाळतच नाही. तरीही चिकटच राहिला तर खरवडून काढण्याला पर्याय नाही, आणि नव्याने सुरू करताना रंगात काय घातलं होतं ते आधी आठवा.